जानरावभाऊंच्या घड्याळातली खुर्ची

मलकापूरच्या स्टेशन रोडवर धंद्याची खरी वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. गाड्या येतात, माणसं उतरतात, खेड्यांवरून आलेले लोक शेवटच्या बसआधी राहिलेली कामं उरकतात. आणि नेमकं तेव्हाच, सहाला दहा कमी असताना, माझ्या शेजारचं शटर खाली येतं. गेली तीसेक वर्षं हे मी बघत आलोय. गिऱ्हाईक समोर उभं असो, टीव्हीचं पोट उघडं पडलेलं असो, उद्या क्रिकेटची फायनल असो, जानरावभाऊ हात पुसत उठतात आणि म्हणतात, "उद्या या."

माझं दुकान स्टेशनरी आणि झेरॉक्सचं. मी गजेंद्र, मूळचा सोनाळ्याचा, आणि तोंडाने जरा फाटकाच. त्या शटरच्या आवाजाने माझं डोकं फिरायचं, कारण त्यांच्या परत गेलेल्या गिऱ्हाइकांना मलाच तोंड द्यावं लागायचं. "जानरावभाऊ, घरी काय भोंगा वाजते काय तुमच्या?" मी विचारायचो. ते नुसते हसायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. घर दहा मिनिटांवर. बरोबर सहाला त्यांच्या दाराची कडी वाजायची.

त्या सहाची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली.

जानरावभाऊंच्या पत्नी चांगुणावहिनी अमडापूरच्या. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात शाळा राहून गेली ती राहूनच गेली. लग्न होऊन मलकापुरात आल्या तेव्हा नवऱ्याचं काम असं की दुपारी येईल नाही तर रात्री नऊला. नवा गाव, रस्त्यावरचं घर, दिवसभर एकट्या. कुणीही कडी वाजवली की त्यांचा जीव उडायचा. जानरावभाऊंनी त्यांना सांगितलं, आजपासून मी सहाला येईन. सहाच्या आधी कडी काढायची नाही, कुणी काहीही म्हणो. वहिनी म्हणाल्या, पण सहा वाजले हे मला कसं समजावं?

मग त्यांनी घड्याळ बनवलं. दुसऱ्या माणसानं काटेवालं विकत आणलं असतं आणि तो बायकोला काटे शिकवत बसला असता. पण हा रिपेअरवाला. जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीत त्यांनी चार लाल आकडे बसवले आणि पेटी बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीवर टांगली. असा आकडा सात काड्यांचा असतो. त्यातल्या कोणत्या पेटवायच्या आणि कोणत्या विझवायच्या, हे ठरवणारी एक काळी चिप मागे असते, सोळा पायांची, गोमेएवढी. एका आकड्याला एक, अशा चार. जानरावभाऊ तिला नुसतं 'सत्तेचाळीस' म्हणतात, तिच्या नंबरावरून.

या जुन्या सत्तेचाळीसची एक खोड होती. ती सहा काढताना वरची आडवी काडी पेटवायची नाही आणि नऊ काढताना खालची. म्हणजे सहाला डोक्यावर काही नाही आणि नवाला पायाशी काही नाही. पुढे तिचीच सुधारलेली बहीण निघाली, दोनशे सत्तेचाळीस. तितकेच पाय, त्याच खोबणीत बसणारी, फक्त सहा-नऊ पुस्तकातल्यासारखे पुरे काढणारी.

वहिनींना आकडे येत नव्हते, पण नजर होती. बघायच्या त्या फक्त तासाच्या घरात. एक म्हणजे काठी. सात म्हणजे विळा. आठ म्हणजे दोन मजली घर. आणि बिनडोक्याचा सहा म्हणजे खुर्ची: मागे उभी पाठ, खाली बसायचा चौकोन. नऊ म्हणजे तीच खुर्ची उलटी केलेली. ज्यानं कुणी ती चिप घडवली त्याच्या हे स्वप्नातही आलं नसेल, पण मलकापुरातल्या एका घरात तिच्यावर संसार चालला. सकाळी नऊच्या सुमाराला खुर्ची उलटी झाली की नवरा डबा घेऊन निघायचा. संध्याकाळी खुर्ची सुलटी झाली की कडी वाजायची, आणि वहिनी चहा ओतायच्या. मुलगी पायल झाली, शिकली, नोकरीला पुण्याला गेली. खुर्ची तिच्या वेळेला येत राहिली.

तीन वर्षांपूर्वी वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी डब्यांची झाकणं, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराकडचा रस्ता. अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हा उतरत नाही. पायल म्हणाली, दोघं पुण्याला या. जानरावभाऊ नाही म्हणाले. आपल्याच गल्लीत हरवणारी बाई पुण्यात कशी निभावेल? शेजारच्या सिंधूताई, एकट्याच राहणाऱ्या, त्या दिवसभर वहिनींजवळ बसायला लागल्या. पाचला चहा करून थर्मासात भरायच्या आणि आपल्या घरचं पाणी भरायला जायच्या, रात्री पुन्हा एक चक्कर मारायच्या. पाच ते सहा वहिनी आतून कडी लावून घड्याळासमोर बसायच्या.

एकदा जानरावभाऊ दुपारी तीनला काही कामानं घरी गेले. परत आले ते हसतच. मला म्हणाले, "गजेंद्रभाऊ, आज गंमतच झाली. आमची बाई मले म्हणते, कोन पायजे तुमाले?"

"मग?"

"मग काय? पाणी देल्लं. म्हणे बसा, मालक सहाले येतात."

"आणि सहाले?"

"सहाले गेलो तं म्हणे, आले का, एक मानूस येऊन गेला तुमाले पुसत."

ते हसत होते म्हणून मीही हसलो. मला मेल्याला तेव्हा समजलं नाही की हा माणूस काय सांगतोय. त्यांचा चेहरा वहिनींच्या डोक्यातून कधीच पुसला गेला होता. त्या नवऱ्याला ओळखत होत्या त्या फक्त खुर्चीवरून. जो खुर्चीबरोबर येईल तो आपला. चोवीस तासांत एकदाच जानरावभाऊ आपल्या बायकोचे नवरे असायचे, आणि त्या एका वेळेसाठी ते बाजारातला भर धंदा सोडून पळायचे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी सिंधूताईंचा फोन आला. घड्याळातला तासाचा आकडा काळा पडला होता. मिनिटं चालू, तास गायब. जानरावभाऊंनी ताबडतोब ओळखलं की चिप गेली. उघड्या पेटीत, उन्हाळ्या-उन्हाळ्यात तापून तीस वर्षं चालली हेच खूप झालं.

जानरावभाऊ काही फेकत नाहीत. मेलेल्या सेटांतून काढलेल्या चिपा थर्माकोलच्या पाट्यांत पाय रोवून ओळीनं उभ्या असतात. त्यांनी सगळ्या पाट्या काढल्या, चष्मा कपाळावर चढवून एकेक नंबर वाचला. सत्तेचाळीस एकही नव्हती. मी काउंटरवरून बघत होतो. ते उठले, बाहेर आले आणि त्यांची नजर माझ्या दुकानातल्या भिंतीवर गेली. लगेच त्यांनी ती खाली घेतली.

का ते मला माहीत होतं. त्या भिंतीवर तसंच एक घड्याळ पंधरा-वीस वर्षं होतं, त्यांनीच हौसेनं करून दिलेलं. त्यात चार सत्तेचाळीस होत्या. चार. चार वर्षांपूर्वी मी तारीख-तापमान दाखवणारं चपटं घड्याळ आणलं आणि ते जुनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं. तेव्हा जानरावभाऊ नवीन घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाले होते, "चांगलं दिसते." त्या दुपारीही त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी कापसाच्या जिनिंगमधल्या गाठी मोजणाऱ्या एका जुन्या यंत्राच्या सर्किटवर त्यांना दोनशे सत्तेचाळीस सापडली. ती खिशात घालून ते सायकलवर निघाले. तीनच्या आत परत आले, कपाळावर घाम, पण चेहरा खुललेला. "झालं. लख्ख आठ आला."

हा आठ समजून घ्या. त्या चिपेचा एक पाय तपासणीसाठीच असतो. तो तारेनं ग्राउंडला टेकवला की सातही काड्या एकदम पेटतात आणि आठ उमटतो. सात पेटल्या म्हणजे चिप चांगली, वायरिंग चांगलं, काम संपलं. सगळे रिपेअरवाले असंच करतात. शून्य ते नऊ एकेक आकडा बघत कुणी बसत नाही. आणि जानरावभाऊंना तर बसायचंच नव्हतं. त्या दुपारी वहिनींच्या लेखी ते घड्याळ दुरुस्त करायला आलेले मिस्त्री होते. वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, चांगलं करा हो. माह्या मालकाच्या हातचं आहे." मिस्त्रीनं हो म्हटलं, आठ बघितला, घड्याळ दोनवर लावलं आणि सायकल काढली. सहाला त्याला नवरा होऊन यायचं होतं.

सहाला दहा कमी असताना शटर पडलं. मी नेहमीसारखा करवादलो.

दुसऱ्या दिवशी ते अकराला आले. दुकान उघडलं नाही. माझ्या स्टुलावर बसले आणि काय झालं ते सांगितलं. मध्ये थांबले नाहीत.

त्यांनी कडी वाजवली तेव्हा नुकतेच सहा वाजले होते. आतून आवाज आला, "कोन?"

"मी आहो."

"मी कोन?"

"जानराव. सहा वाजले, कडी काढ."

मग वहिनी म्हणाल्या, "खुर्ची नाई आली अजून."

त्यांना वाटलं वहिनींनी नीट पाहिलं नसेल. म्हणाले, आली असंन, पाह्य बरं. आतून पुन्हा तेच, "नाई आली. मालक खुर्ची आल्यावर येतात. तुमी मंग या." आवाजात भीती होती. जानरावभाऊ जाळीच्या खिडकीकडे गेले. घड्याळ चालू होतं. सहा वाजून सहा मिनिटं झाली होती, आणि घड्याळात शून्याच्या दोन बाजूंना दोन सहा होते. मिनिटाचा सहा बिनडोक्याचा, तीस वर्षांची खुर्ची. तासाचा सहा डोक्यावर काडी घेतलेला, पुरा, पुस्तकातला. तो वहिनींनी जन्मात पाहिला नव्हता.

"मले तवाच समजलं," ते म्हणाले. "दोन सहा पाह्यले अन् समजलं. मी थांबलो असतो गजेंद्रभाऊ. सातपर्यंत, आठपर्यंत, सिंधूताई येतपर्यंत थांबलो असतो."

पण वहिनी लोखंडी पेटीवर चढल्या होत्या. खुर्ची आत कुठे अडकली ते बघायला त्यांनी घड्याळ दोन्ही हातांनी खुंटीवरून ओढलं होतं. आणि घड्याळाच्या पेटीला मागचं झाकण नव्हतं. लोकांच्या सेटांना चारही स्क्रू पिळून लावणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घरच्या घड्याळाला कधी झाकण लावलं नाही, रिपेअरवाल्याच्या घरी कुणी लावत नाही. मागे दोनशे तीस व्होल्टच्या तारा उघड्या होत्या आणि वहिनींची बोटं तिकडेच चालली होती.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, दाराच्या फटीत घातला आणि कडी उचलली. एका क्षणाचं काम, हात तयार होता. आत धावले, बटण बंद केलं आणि वहिनींच्या हातून घड्याळ हिसकलं.

वहिनींनी काय पाहिलं ते तुम्हीच बघा. खुर्ची यायच्या आधी एक परका माणूस दार उघडून आत शिरला आणि त्यानं घड्याळ हिसकून घेतलं. तीस वर्षं जिची भीती होती ती गोष्ट शेवटी झाली. आणि ती करणारा तोच होता, ज्याने त्या भीतीवर घड्याळ बनवून दिलं होतं. वहिनी भिंतीला चिकटून खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "माह्या मालकाचं आहे. नोका नेऊ."

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

मग ते म्हणाले की सकाळी उठून त्यांनी मिनिटाच्या घरातली जुनी चिप काढली, तासाच्या घरात बसवली, नवी मिनिटाच्या घरात टाकली. अदलाबदल. दहा मिनिटंही लागली नाहीत. औषध घरातच, त्याच पेटीत, दोन बोटांवर होतं. आदल्या दुपारी आठ बघून निघण्याऐवजी एकदा सहा लावून पाहिला असता तर तेव्हाच सुचलं असतं.

मला राहवलं नाही. मी माझ्या घड्याळाचं बोललो, भंगारात टाकलेल्या चार चिपांचं. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. जानरावभाऊंनी मान हलवली. "तुमच्या घड्याळाचा काय दोष त्यात? मी आठ पाह्यला. सहा पाहाले पायजे होता."

मला वाटलं, आता खुर्ची पुन्हा आली, सगळं जागेवर येईल. आठवड्यानं, संध्याकाळी, मी पहिल्यांदा माझं शटर सहाच्या आत पाडलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. दार उघडंच होतं, आता सिंधूताई कडी लावू देत नव्हत्या. वहिनी उंबऱ्याच्या आत बसलेल्या, बाजूला थर्मास, कप-बशी. भिंतीवर लाल खुर्ची सुलटी झाली. जानरावभाऊ पुढे झाले, मी मागे. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अंग चोरून घेतलं. बाकी सगळं विसरणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात तो एक चेहरा पक्का बसला होता, पण चोराचा म्हणून.

"तुमी काऊन आले अजून?" त्या म्हणाल्या. "सहा वाजले आता. माहे मालक येऊनच राह्यले. त्यायले सांगतो मी. ते पाहून घेतीन तुमाले."

मी काही बोलायला तोंड उघडलं. जानरावभाऊंनी माझा दंड धरला.

"हाव," ते वहिनींना म्हणाले, "सांगा त्यायले. मी इथंच बसतो."

आणि ते बाहेरच्या पायरीवर बसले. वहिनी आत, ते बाहेर, मध्ये उंबरा. दोघंही एकाच माणसाची वाट बघत बसले. वहिनी मधून मधून मान उंच करून त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायच्या. चहा कपात ओतलेला, वर बशी झाकलेली. सिंधूताई आल्यावर त्यांनी वहिनींना आत नेलं आणि तो गार चहा मोरीत ओतला. मी घरी जाऊन जेवलो नाही.

पुढे हाच नेम झाला. सिंधूताई रात्रीही तिथेच राहू लागल्या, जानरावभाऊंचं अंथरूण ओसरीत. पायल येऊन पंधरा दिवस राहिली, रडून परत गेली. मी म्हटलं, जानरावभाऊ, आता कशाला सहाला पळता? तुम्हाला तर ती ओळखत नाही. थोडा धंदा तरी करा. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. मग म्हणाले, "ती वाट पाह्यते ना." शटर सहाला दहा कमी असताना पडत राहिलं. मी त्यावर पुन्हा कधी तोंड टाकलं नाही. उलट साडेपाचनंतर त्यांच्याकडे कुणी नवीन काम घेऊन आलं तर मीच त्याला परत लावतो.

भीती हळूहळू गेली. विसरण्याच्या आजाराचा तेवढाच उपकार. दिवाळीपर्यंत वहिनींना तो चोर आठवेनासा झाला. पण जागा रिकामी झाली तरी नवरा काही तिथे परत आला नाही. पायरीवर बसणारे एक गृहस्थ, एवढीच जानरावभाऊंची ओळख उरली. ते बसतात म्हणून वहिनीही निवांत बसायच्या. कधी विचारायच्या, "तुमाले कोनाकडे जायाचं हाय?" ते म्हणायचे, "इथंच काम आहे माहं."

परवा सकाळी ते आपलं शटर उघडायच्या आधी माझ्याकडे आले. डोळे लाल होते. मला वाटलं वहिनींचं काही बरंवाईट झालं. मी स्टूल पुढे केलं.

"काल तिनं मले चहा देल्ला," ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी थंडी फार होती. खुर्ची येऊन गेली, मग घड्याळात विळा आला, म्हणजे सात वाजले. रस्त्यावरून कुणी आलं नाही. सिंधूताईंना त्या दिवशी उशीर झाला होता. वहिनींनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या माणसाकडे. बशीखालचा चहा त्यांनी परत थर्मासात ओतला, हलवला, पुन्हा कपात घेतला. सहा-सात महिन्यांनी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर हात काढला आणि कप त्यांच्यापुढे धरला.

"ते तं आज येत नाई वाटते," वहिनी म्हणाल्या. "तुमीच घ्या. थंडीचे बसून राह्यले कवाचे."

जानरावभाऊंनी दोन्ही हातांनी कप घेतला. तीस वर्षं त्याच कपातून, त्याच हातचा, त्याच वेळेचा चहा ते पीत आले होते. ते पीत असताना वहिनी समोर उभ्या राहिल्या. कप रिकामा झाल्यावर तो परत घेताना त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते आले तं सांगू नोका हो त्यायले. त्यायच्या वाट्याचा होता."

"नाई सांगत," जानरावभाऊ म्हणाले.